वहिनींची झोप आणि माझं विमान

मी पदवीधर झालो तो माझ्या वहिनींमुळे. हे वाक्य मी आजवर ऑफिसात, लग्नांच्या पंगतीत आणि एकदा दाढ काढून घेताना दंतवैद्यालाही ऐकवलं आहे, तोंड उघडं ठेवून जमेल तसं. कृतज्ञता बोलून दाखवण्यात मी कधी कमी पडलो नाही. बाकीच्या गोष्टींत पडलो, त्यातली ही एक.

आमचं घर राजुरीचं. बारावीनंतर मी पुण्याला कॉलेजला जायचं म्हणालो, तेव्हा घरात फी, पुस्तकं यांची चर्चा झालीच नाही. प्रश्न एकच होता, सकाळच्या धारा कोण काढणार? त्या माझ्याकडे होत्या. वडील म्हणाले, "शिकायला आमची ना न्हाई. पण गाया काय पुण्याला नेणार का बरूबर?" दादाचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. वहिनी आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भावजींच्या वाटणीच्या धारा मी काढीन. जाऊ द्या त्यांना." विषय संपला. तेव्हापासून त्या अंधारात उठतात, आणि तेव्हापासून मी वसतिगृहाच्या कॉटवर ऊन तोंडावर येईपर्यंत लोळायला शिकलो. आमच्या घरातली पहिली पदवी अशी मिळाली. तिच्यावर नाव माझं छापलं आहे, एवढंच.

जाताना त्यांनी एकच अट घातली, पत्र लिहायचं. घरातला मोबाईल दादाच्या खिशात असायचा आणि माझं अर्ध्या तासाचं बोलणं दादा घरी येऊन "बरा हाय म्हनतोय" एवढ्यात संपवायचा. पत्र मात्र वहिनींच्या हातात पडायचं. आता त्यांचा स्वतःचा फोन आहे, तरी महत्त्वाचं काही असलं की मी अजून पत्रच लिहितो.

पुढे मला कोलकात्याला नोकरी लागली, तिथेच बायकोलाही लागली. यंदा यात्रेला मी एकटाच गावी आलो होतो. परत जाताना वहिनींना आठवडाभर सोबत न्यायचं ठरलं. टोमॅटोच्या लागवडीला अजून अवकाश होता, आणि गाईंचं बघायला दादाने मेव्हण्याला बोलावून घेतलं होतं. वहिनींना इतकी सलग सुट्टी लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"भावजी, रेल्वेनं जाऊ."

जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. येणार येणार म्हणतात. आज ती नारायणगावावरून जाते, उद्या आणखी कुठून तरी, आणि परवा वर्तमानपत्रातूनच जाते. वहिनींचं माहेर मंचरच्या पुढे, सासर राजुरी, त्यामुळे चाळिशी आली तरी त्या रेल्वेत बसलेल्या नव्हत्या.

"दोन रात्री लागतात वहिनी," मी म्हणालो. "आणि मधला अख्खा दिवस."

"तेच तर! दोन रात्री नि एक दिवस पडून ऱ्हायचं. कोन ऊठ म्हनायचं न्हाई. गोठा न्हाई, चहा न्हाई, काय न्हाई."

हे त्यांनी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि त्याचा अर्थ असा लावला की बिचारीला विमान परवडेल असं वाटत नाही. मग मी वेळेची बचत या विषयावर बोललो. विमानाला अडीच तास लागतात, एवढ्या वेळात माणूस आळेफाट्याहून पुण्यात पोचत नाही, असं मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. ज्या बाईने मला शिकवलं तिला मी ढगांच्या वर नेणार, हे वाक्यही माझ्या मनात तयार होतं. खिडकीजवळच्या त्यांच्या फोटोखाली ते टाकायचं होतं.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "तुमी शिकलेले."

हा टोमणा होता हे मला कोलकात्याला पोचल्यावर कळलं.

शिकलेल्याने सूचनाही दिल्या. सामान एकच, हातातलं. मोठी बॅग विमानाच्या पोटात द्यायची नाही, कारण उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळावं लागतं. आणि पातळ पदार्थ न्यायचा तर छोट्या बाटलीत, मोठा डबा चालत नाही. हे शेवटचं मी उगाच सांगितलं. वहिनी माझ्या बायकोसाठी मासवडी करणार होत्या. आमच्याकडे मासवडी द्यायची तर सोबत रस्सा द्यावाच लागतो, नुसत्या वड्या देणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. वहिनींनी माझी सूचना तंतोतंत पाळली. शेजारपाजारच्या घरांतून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, उकळून घेतल्या आणि त्यांत रस्सा भरला.

निघायच्या दिवशी घालवायला जीपभर माणसं आली. नारायणगावला एकजण चढला, मंचरला वहिनींची आई भेटायला रस्त्यावर येऊन उभी होती. तिथे चहा झाला. मी घड्याळ दाखवलं तर वहिनींचे थोरले भाऊ म्हणाले, "पाव्हणं, इमानवाल्याला फोन करा की. म्हनावं मंचरला हाय, निगालो." चाकणला ट्रक, कंटेनर आणि आम्ही असे एकमेकांकडे बघत बराच वेळ उभे होतो. विमानतळावर दादाला आत सोडलं नाही, तेव्हा तो खरोखर चिडला. एसटी स्टँडवर तो नेहमी पुढे जाऊन खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा धरतो. हातात रुमाल घेऊनच तो जीपमधून उतरला होता.

तपासणीच्या यंत्रातून वहिनींची पिशवी गेली आणि थांबली. जवानाने एक बाटली काढली, मग दुसरी, मग काढतच राहिला.

"माताजी, ये सब दवाई किसकी है?"

"दवाई न्हाई साहेब, रस्सा हाय. मासवडीचा."

"किसको क्या हुआ है?"

"कुनाला काय न्हाई झालं. जाऊबाईंसाठी हाय. भावजी, सांगा की, तुमी शिकलेले."

मी सांगू लागलो. माझं हिंदी परीक्षेपुरतं चांगलं आहे. बेसनाची वडी, आतलं खोबऱ्या-तिळाचं सारण, खसखस, काळा मसाला असं सगळं सांगितल्यावर जवानाने एक टोपण उघडून वास घेतला. त्याचा चेहरा मऊ झाला, पण नियम मऊ होईना; छोट्या असल्या तरी इतक्या बाटल्या चालत नव्हत्या. "भैया, एक डब्बे में भरके नीचे वाले सामान में दे देते. आराम से चला जाता." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो, आणि माझ्या बुटांना नाडी नव्हती.

बाटल्या तिथेच राहिल्या. "फेकू नका साहेब, आज दुपारी बनवलाय. जेवताना घ्या," असं वहिनींनी त्याला दोनदा सांगितलं.

विमानात मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि फोटो काढला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता खाली काय हाय?"

"ढग."

"अन् ढगाखाली?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात चहावाली गाडी आली, मग कचरा न्यायला पिशवी आली, मग पट्टा बांधा अशी घोषणा झाली, मग सीट सरळ करायला लावली. दर वेळी त्या दचकून सरळ बसल्या. शेवटी म्हणाल्या, "ह्यो तर आपला गोठाच झाला. डोळा लागला की कोनतरी हंबरतंय." आम्ही उतरलो. मी दीड दिवस वाचवला होता. तो मी घरी जाऊन सोफ्यावर मोबाईल बघण्यात घालवला. कोरड्या मासवड्या बायकोने डाळीशी वाढल्या.

कोलकात्यातही वहिनी अंधारातच उठायच्या. आम्ही उठेपर्यंत चहा, कणीक, झाडलोट झालेली असायची. "वहिनी, झोपा की," म्हटलं की म्हणायच्या, "घर दिसलं की पाय खाली पडत्यात. त्याला काय करायचं?" चार दिवस हे पाहून बायको मला म्हणाली, "त्यांना रेल्वे हवी होती, ती कशासाठी, हे तुला खरंच कळलं नाही?" मी म्हणालो, कळलं की, खिडकीतून शेतं बघायला. तिने कपाळाला हात लावला, पण समजावत बसली नाही. विमानाची परतीची तिकिटं मी रद्द केली, माझी रजा वाढवून घेतली आणि रेल्वेची काढली.

मग मी तयारीला लागलो. मानेची उशी, डोळ्यांवरची पट्टी, हात धुवायचं औषध, आणि वाटेवरच्या नद्यांची माहिती. विद्यार्थी असताना मी जनरल डब्यात शौचालयाच्या दाराशी बसून प्रवास केला आहे आणि हेही मी लोकांना सांगत असतो. आता पहिल्या तासातच मला चादरीचा वास सहन होईना. समोरच्या बाकावर रायपूरला उतरणारे एक म्हातारे गृहस्थ होते. माझी उशी फुगवण्याची खटपट ते आदराने बघत होते.

वहिनींनी मात्र खालच्या बाकावर पदर नीट केला, पिशवी उशाला घेतली आणि त्या झोपल्या.

सकाळी मी त्यांना उठवलं. चहा आला होता. त्यांनी चहा घेतला, पुन्हा झोपल्या. थोड्या वेळाने एक मोठी नदी आली. मी म्हटलं, "वहिनी, बघा, केवढं पात्र आहे!" त्यांनी एक डोळा उघडला. "हाय की. लई मोठी हाय." डोळा मिटला. मग भाताची खाचरं आली, मी उठवलं. मग एका स्टेशनवर गरम वडे आले, उठवलं. मग एका शेतात टोमॅटो दिसले, आणि ते तर दाखवायलाच हवे होते.

"वहिनी, बांधणी बघा त्यांची!"

"भावजी, टोमॅटो बघायला मी कोलकात्याला आले व्हते का?"

समोरचे म्हातारे इतका वेळ हे बघत होते. त्यांनी पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बेटा, सोने दो ना उनको. बहुत दिन की नींद लगती है."

बाकी डबा हसला. वहिनी हसल्या नाहीत, कारण त्या तोवर झोपल्या होत्या.

आता दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं, एक हात बाकाबाहेर लोंबलेला. मी घरात इतकी वर्षं राहिलो, पण वहिनींना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी झोपायचो तेव्हा त्या जाग्या असायच्या आणि मी उठायचो तेव्हाही. ती कुठल्या दिवसांची झोप असेल हे पदवी नसलेल्या माणसालाही कळलं असतं. म्हातारे रायपूरला उतरले. नागपूर गेलं, संत्री विकायला आली, मी विकणाऱ्याला बोट ओठांवर ठेवून पुढे पाठवलं. मागवलेलं जेवण आलंच नाही, त्याबद्दलही मी ओरडलो नाही. फक्त जेवणाच्या वेळी त्या आपणहून उठल्या, बायकोने दिलेली पोळीभाजी खाल्ली आणि "अजून किती ऱ्हायलं?" असं धास्तीने विचारलं. "खूप," म्हटल्यावर समाधानाने आडव्या झाल्या.

आम्ही पुण्यापर्यंत न जाता पहाटे नगरला उतरणार होतो. तिथून आळेफाट्याची एसटी मिळते आणि राजुरी वाटेवरच आहे. गजर लावून मी उठलो तर वहिनी वेणी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

"चला भावजी. धारांची वेळ झाली."

कोलकात्याला परतल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप वहिनींना नमस्कार. मी सुखरूप पोचलो. येताना विमानाने आलो, कारण मला झोपेची तशी काही थकबाकी नाही.

दिवाळीनंतर तुम्ही आणि दादा रेल्वेने जाऊन या. आमच्याकडे यायलाच हवं असं नाही, आमच्याकडे आलात की तुम्ही कणीक मळता. लांबची गाडी निवडा. कुठे जायचं सुचलं नाही तर शेवटच्या स्टेशनला उतरून, चहा घेऊन, त्याच गाडीने परत आलात तरी चालेल. खालचे दोन्ही बाक मी बघून देतो. दादाला सांगा, रुमाल टाकावा लागत नाही. आणि नदी आली तर त्याने एकट्यानेच बघावी.

तेवढे दिवस मी राजुरीला येतो आणि सकाळच्या धारा मी काढतो. मूळच्या त्या माझ्याच. हात विसरला असेल, म्हणून आठवडाभर आधी येऊन तुमच्या हाताखाली शिकेन. वडील हसतील, हसू द्या. गाई लाथा घालतील, त्यांचंही बरोबर आहे. फक्त त्यांना एवढं सांगून ठेवा, की हा माणूस शिकलेला आहे, जरा सांभाळून घ्या.

एक डबा रस्सा करून ठेवाल का? मोठा डबा. परत येताना मी रेल्वेने येईन.

तुमचा भावजी