कुंकवाच्या चार रेषा

टायरखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की मला माझी जुनी जीप आठवते. हौसेपायी मी तिला रुंद टायर लावले, मागच्या आखावर लोखंडी ठोकळे बसवून ती उंच केली आणि त्या दिवसापासून ती खेकड्यासारखी तिरपी चालायला लागली. हुडकेश्वरच्या ज्या मिस्त्रीनं हे काम केलं होतं, त्यानंच तीनदा पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग उघडून पाहिलं आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "नजर लागली असन भाऊ, पूजा करून घ्या." मला रागच आला, पण दुसऱ्या दिवशी घरच्यांना रामटेकला न्यायचं कबूल करून बसलो होतो, म्हणून आईला सांगितलं. तिनं दारापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर कुंकवाचं पाणी शिंपडलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी जीप सरळ पुढे घेतली. पूजेला बोलावलेला मिस्त्री हात जोडून उभा होता. आई मात्र रस्त्याकडेच पाहत होती. "काहून गा मिस्त्री," ती म्हणाली, "गाडी सरळ गेली तं मागचे चाकं पुढच्याच रेषेवरून जायले पाहिजे नं? इथं चार रेषा काहून उमटल्या?" मिस्त्री जोडलेले हात सोडून तसाच जीपखाली शिरला. ठोकळे बसवताना त्यानं मागचा आख एका बाजूनं बोटभर पुढे कसला होता. आता त्याच्या गॅरेजात कुंकवाची वाटी कायम भरलेली असते, आणि नवी गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्री फार देवभोळा आहे.