भोकाचा पैसा आणि जवसाचं तेल

माझी थोरली बहीण अकोल्याला असते. आईची म्हणावी अशी एकच वस्तू आमच्यात उरली आहे आणि ती तिच्याकडे आहे: तांब्याचा भोकाचा पैसा. इंग्रजांच्या काळातला, मधोमध चांगलं मोठं गोल भोक असलेला. चलनातून तो केव्हाच गेला, पण आमच्या घरी तो करदोड्यात ओवून तान्ह्या पोराच्या कमरेला बांधायची रीत होती. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात असं सांगायचे. लहानपणीचे माझे फोटो पाहिले तर ती खबरदारी थोडी जास्तच होती असं वाटतं.

यंदा ताईच्या नातवाचं जावळ ठरलं आणि ताईने डबीतून तो पैसा बाहेर काढला. काळाकुट्ट झालेला, कडेकडेने हिरवी पुटं चढलेली. तिच्या सुनेने तो हातात घेऊन नीट पाहिला. बाळ सध्या हाताला लागेल ते तोंडात घालतं, तेव्हा हे हिरवं असं बांधायचं नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, सरांनी साफ करून दिला आणि ते चालेल म्हणाले, तर चालेल.

हे सर म्हणजे मी. अमरावतीच्या एका कॉलेजात मी उभी हयात रसायनशास्त्र शिकवलं आणि ताईची ही सून माझ्याच वर्गात होती. नात्याने आता तिने मला मामा म्हणायला हवं, पण तिच्या तोंडातून सरच निघतं. मी एकदाही दुरुस्ती केलेली नाही. निवृत्त माणसाला सर म्हणणारं माणूस सहजासहजी मिळत नाही.

ताई सुनेशी वाद घालणाऱ्यांतली नाही. ती कुणाकडे काही मागितलंच तर एकदा मागते. नाही मिळालं तर तो विषय पुन्हा तिच्या तोंडी येत नाही. म्हणून पैसा माझ्या हातावर ठेवताना ती जे बोलली ते मी नीट ऐकलं. "तू साफ करून आणशीन त बांधतीन," ती म्हणाली. "नाही त राहूनच जाईन." मी तिला म्हणालो, ताई, हे माझ्या डाव्या हाताचं काम आहे. ते वाक्य मला पुढे महिनाभर छळत राहिलं.

अमरावतीसाठी बडनेऱ्याला गाडीतून उतरेपर्यंत माझ्यातला प्राध्यापक पुरता जागा झाला होता. घरी आलो तर बायको देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासत होती. पैसा बघून तिने हात पुढे केला आणि दे इकडे, याच्याबरोबरच निघून जाईल, असं म्हणाली. मी पैसा छातीशी धरला. तिथेच उभं राहून मी तिला समजावून सांगितलं की चिंचेतलं आम्ल नुसती घाण काढत नाही, वरचं तांबंही खरवडून नेतं. भांडं चकचकीत होतं, पण नाण्यावरची अक्षरं दर घासणीला थोडी थोडी जातात, आणि जो रंग चढायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली तो गेला की परत येत नाही. ती ऐकून घेते, हा तिचा मोठा गुण. ऐकून झाल्यावर ती उरलेला तांब्या घासायला लागली.

मग मी अभ्यासाला बसलो. जुनी नाणी जमवणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट आहे, त्यात फोटो टाकला. एकाने लिहिलं, अजिबात हात लावू नका. दुसऱ्याने लिहिलं, थंड पेयात बुडवून ठेवा. या दोघांची आपसात अशी काही जुंपली की माझा पैसा राहिला बाजूला आणि ते एकमेकांच्या खानदानावर आले. मीही मधे एक लांबलचक मत टाकलं. साफ करावं की करू नये, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी मी इतकं वाचलं की दोन्ही बाजू मला पटल्या. ताईचा फोन आला की मी म्हणायचो, काम सुरू आहे. सुरू काही नव्हतं. पैसा टेबलावर होता आणि मी त्याच्याकडे भिंगातून बघत होतो.

शेवटी ठरवलं, साफ करायचं पण अंगाला धक्का न लावता. आधी ऊर्ध्वपातित पाणी. ते घरात कुठून असणार? गाड्यांच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचा कॅन गॅरेजवरून आणला. गॅरेजवाल्याने गाडी कोणती म्हणून विचारलं. मी पैसा म्हणालो नाही, स्कूटर म्हणालो. त्या पाण्यात पैसा भिजत ठेवला, पाणी बदलत राहिलो, लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने कडा कोरल्या. थोडी माती निघाली. हिरवं जागचं हललं नाही.

पुढची पायरी तेलाची होती. सगळे जाणकार सांगत होते, नाणं ऑलिव्हच्या तेलात बरेच दिवस मुरू द्या, पुटं आपोआप सैल होतात. आता ऑलिव्हचं तेल आमच्या घरात नाही, आणि माझा वऱ्हाडी अभिमान तिथे नको इतका आडवा आला. म्हटलं, परदेशी तेल कशाला? अंजनगावच्या घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल घरात होतं. ते बशीत ओतलं, जेमतेम पैसा बुडेल इतकंच, आणि बशी वरच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली. ऊन येतं, ऊब मिळेल, असाही एक विचार केला होता. मग मी निश्चिंत झालो. काम न करता काम होत असलं की मला फार शांत वाटतं.

जावळ तोंडावर आलं तेव्हा वर जाऊन बघितलं. बशीत तेल नव्हतंच. पिवळट, चिवट साय होती, तिला बोट लावलं की बोट ओढून धरत होती, आणि मधे आमचा पैसा रुतून बसलेला. मी तो चमच्याने उपटून काढला. पैशाच्या दोन्ही बाजूंना डिंकासारखा थर, भोकात पडदा, आणि त्या सगळ्याखाली हिरवी पुटं जशीच्या तशी, आता वरून छान रोगण मारलेली. बायकोने बघितलं. ती एवढंच म्हणाली की माझी भांडी बरी. ताईचं ते राहून जाणं आता माझ्या हातात, अगदी चिकटून, बसलं होतं.

जावळाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पैसा खिशात होता. वाटेत तीन-चार सबबी तयार केल्या. त्यातल्या दोन बऱ्यापैकी शास्त्रीय होत्या. पण ताईने दार उघडलं आणि पाणी द्यायच्या आधी माझ्या खिशाकडे बघितलं, तेव्हा एकही आठवली नाही. सरळ पिशवी काढून ओट्यावर ठेवली.

सुनेने पैसा उजेडात धरला, बोटाने चाचपला आणि विचारलं, कोणतं तेल? मी सांगितलं. मग वर्गात बोट वर करून बोलायची तशाच आवाजात म्हणाली, "सर, जवसाचं तेल हवेत वाळतं. त्याचं रोगण करतात. तांबं असलं की आणखी लवकर. तुम्हीच शिकवलं होतं. दरवर्षी परीक्षेत विचारायचे तुम्ही."

विचारायचो. हमखास विचारायचो. आणि जी पोरं चुकायची त्यांना भर वर्गात बोलायचो. मला त्या क्षणी कुणीतरी बाकावर उभं करावं असं वाटलं.

पुढचं तिनेच केलं, मी शेजारी उभा राहून मान हलवत राहिलो. धुण्याचा सोडा पाण्यात टाकून उकळला, पैसा त्यात सोडला. रोगण सुरकुतलं, सालीसारखं सुटलं आणि त्याच्याबरोबर बरंच हिरवंही आलं. दातकोरणं फिरवलं, साध्या पाण्यात दोनदा उकळून काढला. पैसा बाहेर आला तो चकचकीत नव्हता, पिकल्या चिंचेच्या रंगाचा होता, आणि अक्षरं शाबूत होती. भोकाच्या आत मात्र एका जागी हिरवा ठिपका राहिला होता. सुनेचं लक्ष त्यावरच गेलं. मी म्हणालो, हाच पैसा मी कमरेला घालून मोठा झालो, मला काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. पुरावा म्हणून मी त्या दिवशी कमी पडत होतो.

तेवढ्यात ताईने पैसा हातात घेतला. भोकाची कड तिने अंगठ्याने चाचपली. ती कड एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेली आहे, हे मी महिनाभर भिंगातून पाहिलं होतं, आणि दोऱ्याच्या घर्षणाने झीज होते असं त्या गटावर लिहिलंही होतं.

"हे तुह्या करदोड्यानं झिजलं," ताई म्हणाली. "पयले माह्या कमरेले होता. तू झाला त आईनं माह्या कमरेचा सोडून तुले बांधला. मी लय रडली म्हणे. मले कायी आठवत नाही, आई सांगे." मग तिने पैसा सुनेच्या हातावर ठेवला. "राहू दे व. लेकराच्या तोंडात नको जायले. एवढं कायी नाही त्याचं."

मला वाईट वाटलं, आणि ते लपवता आलं नाही. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा कळत होतं की मी ज्याला माझा माझा म्हणत मिरवत होतो, तो पैसा आधी हिच्या अंगावरून उतरला होता. आणि तरीही तो साफ करायला तिने माझ्याच हाती दिला होता.

सुनेने पैसा पुन्हा एकदा उजेडात धरला. मग म्हणाली, उद्या बांधू. अंगावर नाही, झबल्यावरून बांधू, आणि आई, तुम्हीच बांधा. जावळ झालं की काढून ठेवू.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. बाळाचे केस उतरले, ताईने काळ्या करदोड्यात पैसा ओवून झबल्यावरून बांधला, गाठ दोनदा तपासली. बाळाने सगळ्यांत आधी पैसा मुठीत धरून तोंडाकडे नेला. फोटो होताच सुनेने तो सोडला. आता तो डबीत जाणार असं मी धरून चाललो होतो. पण तिने ताईचा हात ओढून घेतला, तोच करदोडा तिच्या मनगटाला दोन वेढे देऊन पैशासकट बांधला आणि म्हणाली, बाळ मोठं होईपर्यंत हा तुमच्याकडे. दिवसभर ताई त्या हाताने वाढत होती आणि पंगतीत कुणी त्या पैशाबद्दल विचारलं की पदराने डोळे पुसताना कुणाला दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात जात होती.

परवा तिचा फोन आला. मनगटाला लागून लागून पैसा एका बाजूने लख्ख उजळला आहे आणि मनगटाला हिरवा डाग पडला आहे, असं ती सांगत होती. मी लगेच खुर्चीत सावरून बसलो आणि आम्ल, घाम, पुटं यांवर सुरुवात केली. तो डाग जावा यासाठी काय करता येईल तेही सांगायला लागलो.

ताईने मला मधेच थांबवलं. "तुले इचारून नाही रायली मी," ती म्हणाली. "सांगून रायली."