सोळा अंशांवरचा ऊर्जा विभाग

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. म्हटलं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, परीक्षा याच विभागात द्यायचीय! पण काल बंद-करा मॅडमना कँटीनमध्ये एकट्याच बसलेलं बघितलं आणि राहवेचना. तर ऐका.

बंद-करा मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या ऊर्जा विभागात कंत्राटावर शिकवणाऱ्या बाई. वर्ग सुटला की या मागे. दिवे बंद, पंखे बंद, प्रोजेक्टर बंद. एकदा वाचनालयाचा दिवा बंद केला तर कपाटामागे टर्बाइन शिकवणारे आमचे टर्बाइन सर डुलकी काढत होते. ते दचकून उठले आणि "वीज गेली, वीज गेली" म्हणून आख्खा मजला डोक्यावर घेतला.

मॅडमची नोकरी दरवर्षी नव्याने जन्माला येते. घरी आई आणि त्या, दोघीच. आईची जीभ म्हणजे कात्री. "इतकी वर्षं कंत्राटी? अगं, पाहुणासुद्धा एवढे दिवस राहिला तर घरचा होतो!" आणि मॅडम स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला उठल्या की, "घरभर दिवे विझवत फिरतेस, तुझ्या नोकरीचा दिवा लागणार कधी?"

या वर्षी लागणार होता. विभागाचा नवा अभ्यासक्रम ठरायचा होता आणि मॅडमनी एक पेपर सुचवला होता, 'ऊर्जा वापरणारी माणसं'. मुलांनी एक सत्र एकाच ठिकाणी जायचं. लाँड्री, बेकरी, हॉस्पिटलची बॉयलर खोली, नाहीतर एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचं घर. बसायचं, बघायचं, विचारायचं. मग परत येऊन आकडेमोड.

"म्हणजे लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारायच्या?" आई म्हणाली. "याची पदवी मिळते? मग मला डॉक्टर म्हण."

प्रमुख सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पेपर झाला तर तुम्ही आहात. नाहीतर मग बघू." आणि आमच्या विभागात 'बघू' म्हणजे काय ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक आहे.

आता अभ्यासक्रम कसा ठरतो ते सांगते. मुलांनी काय शिकावं हा प्रश्न शेवटी, वेळ उरला तर. आधी बघायचं, कोणाकडे कशाच्या नोट्स तयार आहेत. ज्याच्या नोट्स, त्याचा पेपर. टर्बाइन सरांच्या नोट्स तर पिवळ्या पडून पुन्हा पांढऱ्या व्हायला लागल्यात.

बैठकीची खोली बर्फासारखी गार. टर्बाइन सर कानटोपीत. वीजदर शिकवणाऱ्या बाई दोन शाली गुंडाळून, नुसतं नाक बाहेर. प्रमुख सरांचा मफलर. मॅडमचा स्वेटर बिनबाह्यांचा, त्यामुळे त्या स्वतःच्याच हातांना मिठी मारून बसलेल्या. थंडी कमी व्हावी म्हणून खिडकी सताड उघडलेली. हो, बरोबर वाचलंत! एसी चालू, आणि बाहेरचं ऊन आत यावं म्हणून खिडकी उघडी. ऊर्जा विभाग! वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कोणालाच काही वाटत नाही.

"टर्बाइन एक आणि दोन आहेतच," टर्बाइन सर म्हणाले. "यंदा टर्बाइन तीन आणू. प्रगत."

"मुलांना बाजार कळला पाहिजे," शालींच्या आतून आवाज आला.

"मुलांना नोकरी लागली पाहिजे," प्रमुख सर.

"लागेल ना," मॅडम म्हणाल्या. "पण सर, ज्यांच्यासाठी काम करायचं, त्या माणसांना मुलं कधी बघणार?"

टर्बाइन सर हसले. "अहो मॅडम, कोणाला जाऊन भेटायला काय अक्कल लागते? त्यात शिकवायचं काय?"

मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. "बरं. मग हा एसी कोण चालवतं ते सांगा."

मॅडम टर्बाइन सरांकडे वळल्या.

"तुम्ही ऊर्जाबचत समितीचे अध्यक्ष ना, सर?"

"आहे की. समिती अहवाल करते. एसीचं खातं वेगळं."

"चला माझ्याबरोबर," म्हणून मॅडम उठल्याच. बाकीचे का उठले? खोलीबाहेर ऊब होती म्हणून.

तळघरात पोचले तर एसीवाले काका बनियनवर, टेबलफॅनसमोर पाय पसरून. कानटोपी, मफलर, शाली अशी वरात बघून ते उठून उभेच राहिले. "कुठे बर्फ पडलाय का?"

"तुमच्या एसीनं पडलाय!" टर्बाइन सर. "सोळावर का ठेवलाय?"

"तुमच्याच विभागानं सांगितलं. त्या खोलीत मोठं मशीन आहे, तापतं, सोळाच्या वर जाऊ देऊ नका."

"ते मशीन भंगारात जाऊन जमाना झाला!"

"मला कोण सांगणार? मला वाटलं, शिकून शिकून डोकी तापत असतील, गार हवा लागत असेल."

"काका, एकदा वर येऊन बघायचं ना," मॅडम म्हणाल्या.

"माझं काम खाली. वर काय चाललंय त्यात माझं काय?" काका म्हणाले, अगदी टर्बाइन सरांच्या थाटात. मॅडमना हसावं की रडावं कळेना. काकांनी आकडा चोविसावर नेला. झालं, संपलं!

वर येऊन सगळ्यांनी खिडकी लावली, शाली उतरवल्या, चेहऱ्यांवर रंग आला. आणि त्या उबेत टर्बाइन सर काय म्हणाले असतील?

"बघा, एका फेरीत काम झालं. याला आख्खा पेपर कशाला?"

घ्या! मॅडमनीच रस्ता दाखवला आणि मॅडमच खड्ड्यात. प्रमुख सरांनी मधला तोडगा काढला. टर्बाइन तीन सक्तीचा. मॅडमचा पेपर ऐच्छिक, तोही येत्या शुक्रवारपर्यंत पंधरा मुलांनी घेतला तर. नाहीतर बघू.

घरी आई वाटच बघत होती. "लागला का दिवा?"

"ऐच्छिक."

"म्हणजे गं काय?"

"मुलांनी घेतला तर आहे. पंधरा हवीत."

"मग मुलांना भेटलीस?"

मॅडमनी चप्पल कोपऱ्यात सारली. "नोटीस लावलीय."

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. "वा गं वा! लोकांना जाऊन भेटा म्हणून शिकवणार, आणि पोरांना भेटायला भिंतीवर कागद चिकटवणार! तुझ्यात आणि त्या टर्बाइनमध्ये फरक काय?"

 मॅडम स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत येताना दिवा बंद करायचा विसरल्या. आईनं मुद्दाम बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या कँटीनमध्ये येऊन बसतात. स्विचबोर्डाखालच्या टेबलावर. बोलवायचं कसं ते त्यांना जमत नाही. नुसता चहा ढवळतात, आणि कोणी जवळून गेलं की घाईघाईनं म्हणतात, "अं, तुला... बरं, राहू दे." मुलांना वाटतं, पंखा बंद करायला आल्यात. मुलं उठून दुसरीकडे जाऊन बसतात!

काल मी समोर जाऊन बसले. म्हटलं, मॅडम, पेपरात काय असतं? त्या जरा बिचकल्या, मग म्हणाल्या, "आधी तू सांग. तुझ्या घरी सगळ्यात आधी उठतं कोण, आणि उठून पहिलं काय चालू करतं?" मला माहीतच नव्हतं, हो! इतकी वर्षं त्या घरात राहून! मग चहा गार होईपर्यंत त्यांनीच ही बैठकीची आणि आईची गोष्ट सांगितली.

मी नाव दिलंय. मैत्रिणींनाही ओढलं, आम्ही सहा झालोय. अजून नऊ हवेत. टर्बाइन तीन कुठे पळून जात नाही, तो सक्तीचाच आहे. तुम्ही जा, स्विचबोर्डाखालचं टेबल, चहा त्यांना पाजू द्या. त्या 'राहू दे' म्हणाल्या तरी उठू नका. शुक्रवारच्या आत भेटा त्यांना, प्लीज.