हिल्डाबाईंनी अडवलेलं विमान

हिल्डा थर्केटल हे नाव इंग्लंडातल्या आमच्या नॉर्फोकबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. नवरा गेल्यावर साठ एकर साखरबीट एकटीने सांभाळणारी बाई. मी त्यांच्या दारात पंचवीस वर्षं टपाल टाकलं, पण त्यांचा आवाज चढलेला त्या रविवारीच पहिल्यांदा ऐकला.

ऑगस्ट होता. गावापलीकडच्या धावपट्टीवर जुन्या लढाऊ विमानांच्या कसरती चालल्या होत्या. महायुद्धातलं एक विमान गावावर वळलं आणि त्याच्या इंजिनाने धाडधाड दोन दणके दिले. काळा धूर निघाला, मग एकदम शांतता. खाली शाळेच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. वैमानिक ॲलन फिस्कने विमान कसंबसं घरांच्या पुढे नेलं आणि हिल्डाबाईंच्या बिटाच्या शेतात पोटावर आपटलं.

मी सायकल टाकून धावलो, तेव्हा बाई पंखावर चढून त्याचे पट्टे कोयत्याने कापत होत्या. आम्ही दोघांनी त्याला बाहेर ओढलं. पाठीचा कणा मोडला होता. चेहरा, चष्मा, सगळं तेलाने काळंकुट्ट. "इंजिन फुटलं," एवढंच तो पुटपुटत होता. फुटलेल्या टाकीतून पेट्रोल भळाभळा वाहत होतं.

ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली. आमचा एकुलता एक हवालदार रस्त्यावरची गर्दी हटवत होता, तेवढ्यात विमानाचा मालक आणि या कसरती भरवणारा रूपर्ट गॅस्कॉइन क्रेन आणि चार माणसं घेऊन फाटकाशी हजर.

"बाई, फाटक उघडा. दोन तासांत तुमचं शेत मोकळं करून देतो."

"चौकशीवाले आले नाहीत अजून."

"चौकशी कसली? ॲलनने पेट्रोलच्या काट्याकडे बघितलंच नाही. टाकी कोरडी पडली. वय झालंय बिचाऱ्याचं."

तेव्हा तो आवाज चढला.

"कोरडी? मग हे माझे बूट कशाने भिजलेत? वास घ्या, घ्या ना! तो तिकडे पाठ मोडून पडलाय आणि तुम्ही त्याच्याच माथी मारताय? लाज नाही वाटत?"

"विमान माझं आहे, बाई."

"आणि शेत माझं! हिंमत असेल तर न्या माझ्या अंगावरून."

बाईंनी ट्रॅक्टर आणून फाटकात आडवा लावला आणि वर बसून राहिल्या. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी तिथेच प्यायला. चौकशीचे अधिकारी सहाला आले, तेव्हाच त्या खाली उतरल्या.

चौकशीत निघालं ते ऐकून माझं डोकं फिरलं. इंजिनातला कनेक्टिंग रॉड, म्हणजे दट्ट्याला जोडलेला दांडा, तुटून बाहेर आला होता. तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा कीस जूनमध्येच सापडला होता. धावपट्टीवरच्या मेकॅनिकने लिहून दिलं होतं : इंजिन उघडल्याशिवाय हे विमान उडवू नका. त्याच कागदावर गॅस्कॉइनने स्वतःच्या हाताने शेरा मारला होता : "कसरतींचा हंगाम संपल्यावर बघू."

आणि शिक्षा काय? लेखी समज. बस! ॲलन कुबड्यांवर आला, पुन्हा कधी विमानात बसला नाही. इकडे पेपरात गॅस्कॉइनचा फोटो, खाली ओळ : देशाचा वारसा जपणारा माणूस. वारसा म्हणे!

पुढच्या वसंतात गॅस्कॉइनचा एक माणूस पुढच्या रांगेचे दोन पास घेऊन बाईंच्या दारात उभा. कसरतींच्या दिवशी गाड्या लावायला त्यांचं कुरण हवं होतं. मी तेव्हा टपाल देत होतो.

"सगळी इंजिनं उघडून तपासलीत का?" बाईंनी विचारलं. "तसा कागद दाखवा, मग कुरणाचं बोलू."

तो हसला. "तुम्हाला इंजिनातलं काय कळतं, बाई?"

"मला नाही कळत. तुमच्या साहेबांना कळतं. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते."

पास त्याच्याच खिशात कोंबून त्यांनी दार लावलं.

त्या वर्षी गाड्या दोन मैल रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कसरती मात्र झाल्याच, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.