डिस्कच्या पाठीवरच्या रेघा

साच्यांना पॉलिश करणं हा माझा धंदा. मोरिवलीच्या कारखान्यांत प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनतात आणि त्यांच्या आतल्या अंगावर हत्याराची एकही रेघ राहू नये, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. पंचवीस वर्षं रेघा पुसतोय. सवय हाडात गेली आहे. एकदा घरातला बिडाचा तवा मी घासून आरशासारखा करून दिला होता. पुढे महिनाभर घावनं चिकटत होती आणि बायको ती खरवडून माझ्याच ताटात वाढत होती.

हे सगळं माहीत असून लेकीने तिची डिस्क माझ्या हातात दिली. म्हणजे थोडी चूक तिचीही, असं मी अजून स्वतःला सांगतो.

लेक कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. हवेत प्लास्टिकची थाळी, म्हणजे हीच डिस्क, फेकायचा आणि झेलायचा तो खेळ खेळते. पहिल्यांदा ती थाळी घरात आली तेव्हा मी विचारलं होतं, "ह्याच्या खालचं पातेलं कुठंय?" ती हसली नव्हती. रविवारी कॉलेजच्या संघाची निवड होती आणि तिची सगळी भिस्त लांब फेकीवर. ती फेक तिने ह्याच डिस्कवर वर्षभर घोटली होती. आता दगडावर आपटून डिस्कच्या कडेला खरबरीत टोक आलं होतं, बोटाला लागायचं.

"बाबा, तेवढी कड घासून दे. बाकी कशाला हात लावू नको."

पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी माझी नजर डिस्कच्या पाठीवर गेली होती. मधला भाग सपाट, पण कडेकडे उतरताना बारीक गोल रेघा, एकीबाहेर एक. कुणीतरी साचा पॉलिश न करताच पुढे ढकलला होता. त्या अनोळखी माणसाची मलाच लाज वाटली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कड घासली, मग पाठ घासली, मग आणखी बारीक कागद, शेवटी बफचं कापडी चाक. ट्यूबलाइट दिसायला लागली तिच्यात.

संध्याकाळी लेक डिस्ककडे बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

आमच्या चिखलोलीत इमारतींच्या मागे अजून एक मोकळा तुकडा शिल्लक आहे. तिथे ती गेली, मागोमाग मी, कौतुक ऐकायला. तिने फेकली. डिस्क थोडी सरळ गेली, मग डगमगली, एका अंगावर कलली आणि गवतात पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"रेघा कुठे गेल्या, बाबा?"

"हत्याराच्या खुणा होत्या त्या. काढून टाकल्या."

"मुद्दाम ठेवलेल्या असतात." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "गुळगुळीत पाठीवरून वारा लवकर सुटतो. रेघांमुळे तो जरा ढवळला जातो आणि पाठीला धरून राहतो. म्हणून ती लांबपर्यंत सरळ जाते."

"नवीन मागवू."

"बुधवारी येईल. निवड परवा आहे."

जेवताना बायको बोलली. "तव्यावर भागलं नव्हतं वाटतं."

शनिवारी सकाळी डिस्क घेऊन मी आमच्या लेथवाल्या दादांसमोर उभा राहिलो. दादा पालेगावचे, माझ्याहून वयाने मोठे. त्यांनी डिस्क उलटीपालटी केली.

"भारी चमकवलीस रं. आता काय पायजे?"

"रेघा पायजेत."

दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू? रेघा मागतोस?" मग दोन मशीनपलीकडच्या माणसालाही ते त्यांनी ऐकवलं.

लेकीने डिस्क हातात धरून काढलेला जुना फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तो मोठा करून मी रेघा मोजल्या. दादांनी डिस्कच्या पोटात घट्ट बसेल असा लाकडी ठोकळा कातला, तो लेथला बांधून वर डिस्क चढवली आणि अगदी हळू फिरवली. जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळतं. टोकदार हत्यार टेकलं. केसासारखी साल निघाली आणि पाठीवर एक रेघ उमटली. मग दुसरी. मी पंचवीस वर्षं ज्यांच्यामागे लागलो होतो, त्या अशा एकेक परत येत होत्या आणि मी त्या मोजत उभा होतो.

शेवटची रेघ झाली. माझा हात आपोआप खिशातल्या पॉलिश पेपरकडे गेला. दादांनी मनगट धरलं.

"हात भायेर काढ."

तो काढणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

संध्याकाळी त्याच मोकळ्या जागेत लेकीने डिस्कच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मागे वळून, अंगाला पीळ देऊन तिने ती सोडली.

काय सांगू. ती गेली ती जमिनीला समांतर, जणू हवेत कुणी फळी टाकून ठेवली होती आणि ही तिच्यावरून घसरत होती. आवाज नाही, थरथर नाही. आता पडेल असं वाटलं तिथे ती पडली नाही. वेग संपला तरी क्षणभर तशीच थांबली आणि मग एखादा बगळा उतरावा तशी गवतात बसली. नखात अडकेल न अडकेल एवढी रेघ, आणि न दिसणारा वारा तिला धरून होता. मी तो वारा पुसून टाकला होता.

"पहिल्यासारखी नाही," लेक म्हणाली. मग डिस्क आणायला पळताना, "पण जाते."

रविवारी मैदानाच्या कडेला मी उभा होतो. तिची लांब फेक आली. डिस्क हातातून सुटली आणि मी मान वर केली ती केलीच. उन्हात ती फिरत चालली होती, रेघांवर एक चकाकी तशीच स्थिर. कुणी झेलली, टाळ्या कुणाला पडल्या, मला काही कळलं नाही.

थोड्या वेळाने लेक घामाघूम होऊन समोर आली.

"संघात नाव पुकारलं, ऐकलंस का?"

"कुणाचं?" मी विचारलं.