न जुळलेला ग्राफ

सर गेले तेव्हा माझं मॉडेल चुकीचं उत्तर देत होतं.

अजूनही देतंय.

सर म्हणजे माझे पीएचडीचे गाईड. परवा पहाटे हार्ट अटॅक आला. आज पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं. तिथून घरी न जाता मी सरळ लॅबला आले. रडू आलेलं नाही. का, माहीत नाही.

आमचं काम साधं होतं. गोबरगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, की उरलेल्या मीथेनवर गाडीसुद्धा चालते. त्यासाठी एका नळीत केसासारखे बारीक पोकळ धागे भरतात. कार्बन डायऑक्साइड धाग्याच्या भिंतीतून चटकन बाहेर जातो, मीथेन आत राहतो.

किती शुद्ध मीथेन मिळेल, हे गणिताने आधी सांगायचं. ते माझं मॉडेल.

गॅसचा वेग वाढवला की बिनसतं. मॉडेल सांगतं त्यापेक्षा खरी नळी कमी शुद्ध गॅस देते.

पहिल्यांदा ग्राफ दाखवला, तेव्हा सर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "कागदावर सगळं शुद्धच असतंय की."

"सर, मॉडेलमधला एक आकडा थोडा वाढवला तर जुळतंय."

"कुणी मोजलाय तो?"

"कुणीच नाही."

"मग न्हाई जुळत म्हणून लिही. हे वाचून उद्या कोणतरी प्लांट उभा करणार हाय."

आज दुपारी विभागातले दुसरे प्रोफेसर लॅबमध्ये आले, आता तेच माझे नवे गाईड. माणूस चांगला आहे. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तो आकडा जुळवून टाक. दिवाळीआधी थिसिस जाईल. सरांनाही बरं वाटलं असतं."

"आणि नाही जुळवला तर?"

"तर कारण शोधत बसावं लागेल. घरचे थांबतील का?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. पप्पांनी हातकणंगल्यात भेटेल त्याला सांगून ठेवलंय, पोरगी दिवाळीला डॉक्टर होतीया.

मी पप्पांना फोन केला. म्हटलं, दिवाळीला होणार नाही.

"का गं? सर गेलं म्हणून?"

"नाही. उत्तर चुकतंय म्हणून."



"मग पावण्यांना काय सांगू आता?"

"सांगा, अजून शिकतीया."

"बरं."

मग सरांनी सांगितलेलं ते वाक्य थिसिसमध्ये लिहिलं. गॅसचा वेग जास्त असताना मॉडेल जुळत नाही, कारण अजून सापडलेलं नाही.

नव्या गाईडना तसंच पाठवलंय.

सर, शेवटचा नमस्कार.