कंपनी काढून राहिलो

सत्त्याण्णव साली मोरेश्वर हटवार भंडाऱ्याहून पुण्यात आला आणि धायरीला कुसुमताईंची मागची खोली त्यानं भाड्यानं घेतली. महिन्याभरात खोलीत कॉम्प्युटर आला आणि खिडकी भरदिवसा बंद राहू लागली. कुसुमताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या सरळ दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो हटवार, आत काय चालतं?"

"कंपनी काढून राहिलो, काकू."

"राहिलात? न विचारता? खोली तुम्हाला दिलीय, कंपनीला नाही. उद्याच रिकामी करा!"

"तसं नाही जी! काढून राहिलो म्हणजे काढतोय. आमच्याकडं असंच बोलतात. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहितो. मशीनला धूळ लागते म्हणून खिडकी बंद. खोली गेली तं कंपनी गेली, काकू."

कुसुमताईंना निम्मंच पटलं. खोली राहू दिली, पण चहा द्यायच्या निमित्तानं त्या रोज आत डोकावू लागल्या.

पंधरा वर्षांनी तोच मोरेश्वर दारात गाडीतून उतरला. कंपनी मोठी करून त्यानं विकली होती आणि आता नवख्यांच्या कंपन्यांत पैसे घालत होता.

"घर विकायचं नाहीये," कुसुमताईंनी आधीच सांगून टाकलं.

"घर नको, तीच खोली द्या. हिच्यासाठी." त्याच्या मागे गोंदियाची एक मुलगी उभी होती. "हिला पैसे दिलेत."

"व्याज किती?"

"व्याज नाही. हिचं चाललं तर माझं चाललं."

असे कोण देतो पैसे? कुसुमताईंनी मुलीला आपादमस्तक न्याहाळलं. "काय गं, करतेस काय?"

"कंपनी काढून राहिली, आजी."

"राहा," कुसुमताई म्हणाल्या. "पण खिडकी उघडी ठेवायची."